रिकामा सापळा म्हणजे ॲशची झाडं सुरक्षित असं नाही

वर दोघांनी लिहिलंय की पार्कातल्या जांभळ्या सापळ्यात काहीच अडकलं नाही, म्हणजे एमराल्ड ॲश बोरर (ॲशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगेरा) आपल्याकडे पोचलेला नाही. एवढ्यावर निर्धास्त राहू नका. लागण विरळ असताना सापळे बरेचदा रिकामेच राहतात. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ हा भुंगेरा ओळखला गेला, तोवर तो तिथे कित्येक वर्षं मुरलेला होता.

मोठ्या झाडात सुरुवात बहुधा वरच्या फांद्यांत होते. खोडावर ३-४ मिलिमीटरची, इंग्रजी 'डी'सारखी भोकं नजरेच्या उंचीवर दिसेपर्यंत शेंडा विरळ झालेला असतो. त्यापेक्षा हिवाळ्यात सुतारपक्ष्यांकडे लक्ष ठेवा. अळ्यांसाठी ते वरची साल सोलतात, तिथे फिकट चट्टे पडतात.

कॅनडातली पद्धत मला जास्त भरवशाची वाटते: पर्णसंभाराच्या मधल्या भागातल्या ५ ते ८ सेंटिमीटर जाडीच्या दोन फांद्या कापायच्या आणि फांदीच्या खोडाकडच्या अर्ध्या मीटरची साल सोलून नागमोडी बोगदे शोधायचे. लक्षणं नसलेल्या झाडातही लागण सापडू शकते. कापणं मात्र जाणकाराकडूनच.

आणखी एक गंमत. सर्सेरिस नावाची एक गांधीलमाशी याच कुळातले भुंगेरे पकडून वाळूतल्या बिळात नेते. तिची बिळं बेसबॉलच्या मैदानांवर सापडतात आणि निरीक्षक तिच्या शिकारीत बोरर आहे का ते तपासतात. ती माणसाला डसत नाही.

शेंडा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाळला असेल तर इमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाच्या इंजेक्शनवर पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.