प्रतिसाद: आरसी गाडीचा स्पर गिअर पुन्हा पुन्हा का झिजतोय?

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीचा प्लास्टिकचा स्पर, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरने (पिनियनने) फिरणारा मोठा गिअर, टिकत नसेल तर सरळ स्टीलचा टाका, हा वरच्या प्रतिसादांतला सल्ला मला पटत नाही. स्पर टिकेल, पण धक्का मग डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांत जोर वाटणाऱ्या भागाच्या) गिअरवर आणि डॉगबोनवर (तिथून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) जाईल, आणि ते उघडायला अख्खी मागची बाजू सोडवावी लागते. प्लास्टिकचा स्पर हा तिथला फ्यूज आहे, तो राहू द्या. मेश लावताना, म्हणजे दोन्ही गिअरचे दात एकमेकांत बसवताना, मध्ये कागदाची पट्टी धरायची युक्ती इथे आलीच आहे, ती बरोबरच आहे.

पण पिच, म्हणजे दातांचं माप, कुणीच तपासायला सांगितलं नाही. माझ्या टीटी-०२ गाडीचे दोन स्पर आठवड्याभरात गेले, मेश व्यवस्थित असूनही. दात एका जागी तुटलेले नव्हते, सगळीकडून सारखे घासून टोकदार झाले होते आणि खाली पांढरा भुगा साचला होता. कारण निघालं पिनियन: गाडीचा स्पर ०.६ मॉड्यूलचा (मॉड्यूल हे दातांचं मिलिमीटरमधलं माप), आणि मी डब्यातून काढून लावलेला पिनियन ४८ पिचचा (हे इंचातलं माप), म्हणजे साधारण ०.५३ मॉड्यूल. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा: दातांची संख्या अधिक दोन, गुणिले मॉड्यूल. २२ दातांचा ०.६चा पिनियन १४.४ मिमी भरतो, ४८ पिचचा १२.७. नवा स्पर बसवण्याआधी एवढं मोजाच, आणि मोटरचे स्क्रू निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावून आवळा. धातूत जाणाऱ्या स्क्रूंनाच हं, प्लास्टिकला ते लावू नका, तडे जातात.