उठावाचा नकाशा : 'उठाव' नको, तर मग काय?

पांदण
माझी मुलगी अकरावीत आहे. उन्हाळ्यापासून ती एका कल्पित मुलखाचा नकाशा काढते आहे. राज्यं, वेशी, बंदरं सगळं मनातलं. जमीन मात्र खरी वाटली पाहिजे, हा तिचा हट्ट. आधी तिनं डोंगर म्हणून एकाला एक लागून त्रिकोण काढले होते, आणि एक नदी मधेच फुटून दोन समुद्रांना जात होती. मी म्हटलं, आपली हिंगणघाटची वणा बघ. वणा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला, पुढं तीच प्राणहिता होऊन गोदावरीत जाते. नद्या मिळत जातात, फाटे फुटतात ते मुखाशी. तिनं रात्रीतून ती नदी खोडली.

आता नकाशा तयार आहे, गावच्या वाचनालयात लावायचा आहे. अडलं ते नावाशी. भूगोलात रिलीफला, म्हणजे जमिनीच्या चढउताराला, 'उठाव' म्हणतात म्हणून तिनं वर लिहिलं, 'नऊ राज्यांचा उठाव नकाशा'. माझ्या वडलांनी चष्मा लावून सगळा कागद पाहिला आणि विचारलं, "पण उठाव झाला कोणत्या राज्यात?" नऊ राजे म्हटल्यावर त्यांचं काय चुकलं?

दोन प्रश्न. रिलीफला दुसरा शब्द आहे का? आणि उतारावर बारीक रेघा ओढतात, ज्यांना हॅशूर म्हणतात, त्यांना मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार
'उठाव' अगदी योग्य आहे. उठावशिल्प, उठावदार रंग, नक्षी उठून दिसते. सपाटीतून वर आलेलं ते उठाव. जुनी माणसं १८५७ला बंडच म्हणत. एका अर्थामुळं दुसरा का सोडायचा? हॅशूरला 'उतारदर्शक रेषा' म्हणा.

सरकी
मले तर उठाव म्हटलं का मार्केटच आठवते. "यंदा कापसाले उठाव नाही" हे वाक्य लहानपणापासून कानात हाय. वाचनालयात येनारा अर्धा गाव तेच समजन.

नियमित वाचक
'रिलीफ' तसंच ठेवा असं सुचवणार होतो, पण ते आणखी अवघड. माझ्या आजीला रिलीफ म्हणजे १९७२च्या दुष्काळातली खडी फोडायची कामं. "रिलीफवर गेलो होतो" असं ती सांगायची. 'उंचसखल नकाशा' कसं वाटतं?

कागदपेन्सिल
हिंगणघाटच्या बाजूनं हा प्रश्न यावा याचा फार आनंद झाला. भारताची त्रिकोणमितीय मोजणी ज्यानं १८०२मध्ये मद्रासजवळ सुरू केली, तो विल्यम लॅम्टन जानेवारी १८२३मध्ये हिंगणघाटलाच वारला. त्याची कबर तिथं आहे. मुलीला नेऊन दाखवा.

शब्दाआधी तिनं डोंगर कसे दाखवलेत ते सांगा, कारण शब्द त्यावर ठरेल. समोच्च रेषा सारख्या उंचीच्या जागा जोडते, तिच्यावरून चालत गेलं तर चढही लागत नाही, उतारही नाही. ती मोजलेली उंची सांगते. कल्पित मुलखात मोजणी कोणी केली? म्हणून तिथं समोच्च रेषा मला खोट्या वाटतात. हॅशूर समोच्च रेषेला आडवी जाते, पाणी ज्या दिशेनं घरंगळेल त्या दिशेनं. लेमान नावाच्या जर्मन लष्करी माणसानं १७९९मध्ये तिचा नियम घालून दिला: उतार जितका खडा, तितकी रेघ जाड. वरचं पठार कोरंच राहतं. आपल्या बेसाल्टच्या चपट्या माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या यात फार सुंदर येतात. त्रिकोणी डोंगर आपल्याकडं आहेतच किती?

तिसरा मार्ग पेन्सिलच्या सावलीचा. त्यात उजेड नेहमी डाव्या वरच्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून, धरतात. खालून धरला तर डोळा फसतो. मी एकदा लोणार काढलं होतं, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर. उजेड आग्नेयेकडून धरला आणि सगळ्यांनी विचारलं, ही टेकडी कुठली?

घाटावरचा
वायव्येकडून ऊन येतं कुठं? आपल्याकडं दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो.

कागदपेन्सिल
वर्षातले बरेच महिने, हो. पण मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत नागपूरला दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि ज्येष्ठात तो मावळतोही पश्चिमेच्या उत्तरेला. तरी तुमचा मुद्दा खरा आहे. हा संकेत डोळ्यासाठी आहे, उन्हासाठी नाही.

सरकी
त्या रेघांले 'कुसळं' म्हना. बरडीच्या उतारावर कुसळी गवत कसं खाली झुकलेलं असते, तशाच दिसतात त्या.

अनुस्वार
कुसळ डोळ्यातलं असतं, नकाशातलं नाही. बोलीतला प्रत्येक शब्द परिभाषेत आणला तर दर तालुक्याचा वेगळा भूगोल होईल.

पांदण
मुलीनं हॅशूरच काढलेत, पठारं कोरी ठेवून. 'कुसळं' ऐकून ती खूश झाली. सूचीत लिहायचं म्हणते आहे. 'उंचसखल' मात्र तिला रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखं वाटतं.

घाटावरचा
मग माझा शब्द घ्या : घाट. आम्ही बुलढाण्याचे. आमच्याकडं मुलगी कुठं दिली विचारलं की तालुका नंतर, आधी 'घाटावर' की 'घाटाखाली' ते सांगतात. पाणी, पीक, बोलणं, सगळं त्या एका शब्दानं कळतं. शिवाय मूर्तीचा घाट, भांड्याचा घाट, म्हणजे आकारही त्यातच आला. 'नऊ राज्यांचा घाट' लिहा. जुन्या वऱ्हाडाचे भागच मुळी पयनघाट, बालाघाट आणि मेळघाट असे होते. ज्या प्रदेशानं स्वतःची ओळख चढउतारावरून ठेवली, त्यानं रिलीफला शब्द नाही म्हणावं हे मला पटत नाही.

अनुस्वार
पयन आणि बाला दोन्ही फारसी. खालचा, वरचा. तुमचं उदाहरणच परकं आहे.

घाटावरचा
चारशे वर्षं आमच्या जमिनीवर नांदलेला शब्द परका कसा? 'नकाशा' तरी कुठून आला? तोही बाहेरूनच. तो काढून टाकता का?

बोडीकाठ
मी गोंदियाचा. झाडीपट्टीत असा घाट नाहीच. आमच्याकडं जमीन पाण्यावरून ओळखतात: लहान ती बोडी, मोठा तो तलाव, आणि मागं पहाडी. डोंगर हा शब्द मी पुस्तकातच वाचला, घरी सगळे पहाडीच म्हणत. माजी मालगुजारी तलाव उताराचं पाणी अडवूनच बांधलेत, तेव्हा उतार आम्हालाही कळतो. पण 'घाट' लिहिलंत तर आमचा माणूस नदीच्या पायऱ्या समजेल.

पांदण
हिंगणघाटातला घाट कोणता, हा वाद इकडं घरातही सुरू झाला आहे. वडील म्हणतात नदीचाच, वणेवर उतरायची जागा, आणि काठी हिंगणाची झाडं. मुलगी म्हणते, नदीचा घाटही उतारच ना?

घाटावरचा
हेच तर मी सांगतो आहे. पाण्याकडं उतरायची वाट तो घाट, आणि डोंगर उतरायची वाट तोही घाट. मूळ अर्थ उताराचा.

अनुस्वार
मूळ 'घट्ट'. संस्कृतात तो पाण्याकाठचा. डोंगराचा अर्थ नंतर आला.

बोडीकाठ
आणि स्वयंपाकातला 'घाटा' कुठून आला? आमच्याकडं ज्वारीच्या पिठाचा करतात.

सरकी
घाटा घोटून करतात, तो 'घोटणं'वरून असन. माही आजी आंबट ताकात करे.

नियमित वाचक
आमच्याकडं हरभऱ्याच्या कोवळ्या शेंगेलाही 'घाटा' म्हणतात. घाटे आले का, असं विचारतात. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?