मदत हवी आहे: सांगली-मिरजेत मुलांसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी, बोलून केली जाणारी थेरपी) करणारं कुणी माहीत आहे का?

नमस्कार मंडळी. भाची १६ वर्षांची, अकरावीला. चार महिने गप्प गप्प होती, आम्ही म्हणत होतो दहावीचा शीण असेल. मग एका रात्री "मी नसले तर बरं" म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी दिली, सोबत सीबीटी घ्यायला सांगितलं.

दाजींनी नेटवर २००४ चा अमेरिकी इशारा वाचला, की लहान वयात या गोळ्यांनी आत्महत्येचे विचार वाढू शकतात. झालं, गोळ्या बंद करायचा हट्ट! डॉक्टर म्हणाले, म्हणूनच पहिले काही आठवडे बारीक लक्ष ठेवायचं, पण आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्याच वर्षीच्या टॅड्स या किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावरच्या अमेरिकी अभ्यासात ४३९ मुलं होती. १२ आठवड्यांत गोळी आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारली, नुसत्या गोळीवर ६१, नुसत्या सीबीटीवर ४३. हे दाखवल्यावर दाजी जरा नरमले.

आता अडलंय ते सीबीटीशी. दर आठवड्याला पुणं झेपणार नाही. विश्रामबाग, मिरज, फार तर कराडपर्यंत, मराठीत बोलणारं, या वयाच्या मुलांचा अनुभव असलेलं कुणी आहे का? ऑनलाइन घेतलेल्यांनीही सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर चिकटवलाय. आणि कृपा करून "अभ्यासात मन रमवा" नको.