डोंगरावरच्या जुन्या घरात न्हाणी-संडास : तुमचे अनुभव लिहा

आजऱ्याजवळ आमचं जुनं घर आहे. जांभ्याचं जोतं, भेंड्याच्या म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. आईचे गुडघे दुखतात, आणि पावसात परड्यातल्या न्हाणीपर्यंत तिला पाठवायला जीव होत नाही. न्हाणी आणि संडास दोन्ही घरात आणायचंय. कोल्हापुरातल्या दुकानांत फरशा, शॉवर, नळ सगळं दाखवतात; मातीच्या भिंतीशेजारी रोज पाणी सांडलं तर काय करायचं, ते कुणी सांगत नाही. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आंबा, चंदगड, जिथं कुणी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गगनबावड्याहून

ताई, एक गोष्ट आधीच सांगते: मातीच्या भिंतीवर थेट सिमेंटचा गिलावा करून टाइल्स लावू देऊ नका. सिमेंट मातीला धरत नाही, आणि आत गेलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. आमच्या भावकीत एका घरी असंच केलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात अख्खा थर पोटासारखा फुगून सुटला, मागची माती हाताने खरवडता येत होती.

आमचा गवंडी म्हातारा, पण जाणता. त्याचा पहिला प्रश्न होता, "पानी कुठनं जानार त्ये दावा, मग फरशीचं बगू." त्याने जुन्या भिंतीपासून थोडं अंतर सोडून, स्वतंत्र पाया घेऊन, चार इंची विटेची भिंत उभी केली. टाइल्स आणि नळ सगळं त्या विटेवर. मातीच्या भिंतीला पाण्याचा थेंब लागत नाही. खाली कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंग, आणि भिंत नि जमीन मिळते त्या कोपऱ्यात चहूबाजूंनी वाटा मारला, म्हणजे सिमेंटने कोपरा गोलसर भरून घेतला. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड चिंधीने घट्ट बांधून पाणी साठवलं, भिंतीवर खडूने रेघ ओढली. दोन दिवस पाणी रेघेला राहिलं तेव्हाच टाइल्सची खोकी फोडली. ढाळ मीटरला किमान एक सेंटिमीटर, आणि तो दारापासून लांब.

वर पीव्हीसीचं छत लावायचा आग्रह होईल, तो मानू नका. विटेची भिंत दारापेक्षा जराशी उंच घेऊन वरचं मोकळं ठेवलं की आंघोळीची वाफ कौलांतून निघून जाते. छत ठोकलं तर ती वाशांना धरते, आणि इथल्या पावसात आधीच काही वाळत नाही. काम उन्हाळ्यातच उरका.

पन्हाळ्याहून

गडावर घर असेल तर गवंड्याच्या आधी कागद. संरक्षित वास्तूपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. दुरुस्तीलाही परवानगी लागते. 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत आला, याचा आम्हाला अभिमानच आहे. वेळ मात्र हाताशी ठेवा.

राधानगरीहून

पाण्याच्या दाबाचं बघा. कौलांवर टाकी ठेवता येत नाही. आमच्या घरामागचा चढ कामी आला, तिथं चौथरा बांधून टाकी बसवली. टाकी शॉवरपेक्षा 3 मीटर उंच असली तरी दाब 0.3 बारच मिळतो, तेव्हा शॉवर निवडताना कमी दाबावर चालणारा मागा.

3 किलोवॅटचा गिझर 13 अँपिअर ओढतो. जुन्या घरातल्या दिव्यांच्या वायरवर तो जोडू नका. मीटरपासून 4 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. गॅस गिझर बंद न्हाणीत कधीच नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस आतच बेशुद्ध पडतो. परड्यातला तांब्याचा बंब आम्ही मोडीत घातला नाही. पावसात लाइट गेली की तोच पेटवतो.

आंब्याहून

शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला अजिबात नको. जांभ्यातून पाणी झपाट्याने पाझरतं. आम्ही खालच्या उताराला, विहिरीपासून पुष्कळ लांब घेतला.

चंदगडहून

ताई, तुमच्या आईंसाठी म्हणून लिहितो. आमच्या आजीसाठी हेच केलं. आधाराचा दांडा मातीच्या भिंतीत बसतच नाही, स्क्रू माती घेऊन बाहेर येतो. विटेची भिंत बांधतानाच दांड्याच्या जागी काँक्रीटचा ठोकळा घालून घ्या. कमोडची बैठक साधारण 45 सेंटिमीटर उंच असली की गुडघ्यांना उठणं सोपं जातं. फरशी खरबरीतच घ्या, दुकानात पाणी टाकून ओल्या पायाने उभं राहून बघा. आणि दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी दाराला टेकून पडलं, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. कडीसुद्धा बाहेरून काढता येईल अशी मिळते, तीच बसवा.