मदत हवी आहे : ‘मुंबई’ नावाच्या चार जहाजांची एकाच प्रमाणातील मॉडेल्स

नमस्कार मंडळी,

माझे वडील माझगाव डॉकमध्ये फिटर होते आणि सध्याच्या ‘आयएनएस मुंबई’ या विनाशिकेच्या बांधणीत त्यांनी काम केले होते. 1992 मध्ये तिची बांधणी सुरू झाली तेव्हा शहराचे इंग्रजीतील अधिकृत नाव बॉम्बे होते. 22 जानेवारी 2001 रोजी ती नौदलात दाखल झाली तोवर ते मुंबई झाले होते. आमच्या घरी मात्र ती पहिल्यापासून ‘आपली बोट’ होती. गेली बारा वर्षे मी जहाजांची प्लास्टिक किट जोडत आलो आहे, पण आता वडिलांच्या बोटीपासून मागे जात याच नावाच्या आणखी तीन जहाजांची मॉडेल्स करून चारही एकाच फळीवर मांडावीत, असे मनात पक्के झाले आहे. या नावाची इतरही जहाजे होऊन गेली; मी निवडलेली चार अशी आहेत.

सर्वांत जुने म्हणजे 1793 मध्ये मुंबईच्या गोदीत ईस्ट इंडिया कंपनीसाठी बांधलेले ‘बॉम्बे’ फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची शिडाची युद्धनौका. दुसरे याच गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले आणि 1828 मध्ये पाण्यात उतरलेले 84 तोफांचे ‘बॉम्बे’, जे पुढे 1864 मध्ये दक्षिण अमेरिकेतील माँटेव्हिडिओजवळ आगीत जळाले. तिसरे दुसऱ्या महायुद्धातील ‘एचएमआयएस बॉम्बे’ (एचएमआयएस म्हणजे ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’). ऑस्ट्रेलियात बांधलेल्या बाथर्स्ट वर्गाच्या साठ छोट्या लढाऊ जहाजांपैकी जी चार रॉयल इंडियन नेव्हीकडे आली त्यांपैकी हे एक होते, ते सिडनीत बांधले गेले आणि 31 मे 1942 च्या रात्री जपानच्या छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या तेव्हा तेथेच उभे होते. चौथी वडिलांची बोट.

माझी मुख्य अडचण प्रमाणाची आहे. चारही जहाजे एकाच प्रमाणात हवीत, यावर मी ठाम आहे, कारण तसे झाले नाही तर ती शेजारी शेजारी ठेवण्यात अर्थच उरत नाही. 84 तोफांच्या ‘बॉम्बे’चे लाकडी अंग सुमारे 60 मीटर लांब होते आणि त्यावर शेकडो माणसे राहत होती, आजची ‘मुंबई’ 163 मीटर लांब आहे. हा फरक पाहणाऱ्याला डोळ्यांनी दिसला पाहिजे. 1/700 प्रमाण धरले तर विनाशिका सुमारे 23 सेंटीमीटरची होते आणि आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत सहज मावते, परंतु महायुद्धातील ‘बॉम्बे’ अवघी आठ सेंटीमीटरची उरते आणि शिडाच्या जहाजाची दोरखंडे करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते, कारण पाच सेंटीमीटर जाडीचा दोर या प्रमाणात 0.07 मिलिमीटरचा, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा येतो. 1/350 मध्ये हाच दोर 0.14 मिलिमीटरचा होतो आणि हाताला झेपतो. मग विनाशिका मात्र 47 सेंटीमीटरच्या जवळ जाते आणि सारा संग्रह कपाटातून बाहेर येतो. माझा कल 1/350 कडे आहे. या प्रमाणात शिडाचे जहाज आणि आधुनिक युद्धनौका दोन्ही केलेले कोणी येथे असल्यास, दोन्हींतील बारकावे शेजारी ठेवल्यावर सारख्याच तोलाचे दिसतात का, हे कृपया सांगावे. तयार किटवर मी ही योजना उभी करणार नाही; हल (जहाजाचे अंग) प्लास्टिकच्या पत्र्यातून स्वतः उभारण्याची तयारी आहे, तोफा आणि रडार थ्रीडी प्रिंट करून घेता येतील.

दुसरा प्रश्न नावाचा आहे आणि तो मला वाटला होता त्याहून अवघड निघाला. 1793 चे फ्रिगेट 1805 मध्ये ब्रिटिश आरमाराने विकत घेतले आणि 1808 मध्ये त्याचे नाव ‘सिलोन’ केले. सप्टेंबर 1810 मध्ये रेयुनियन बेटाजवळ फ्रेंचांनी ते पकडले व ब्रिटिशांनी लगोलग परत मिळवले, ही त्याची गाजलेली लढाई ‘सिलोन’ नावानेच झाली. अशा जहाजाला या संग्रहात जागा द्यावी का? मला वाटते द्यावी, मात्र मॉडेल नाव बदलण्यापूर्वीच्या अवस्थेतील असावे. पाट्यांच्या बाबतीत माझे मत असे आहे की ज्या जहाजावर जे नाव होते तेच लिहावे आणि पहिल्या तिघांना ‘मुंबई’ म्हणू नये. आपण मराठी माणसे शहराला पहिल्यापासून मुंबईच म्हणत आलो हे खरे, पण पाटी जहाजाची आहे. यावर वेगळे मत असल्यास ते मला खरोखर ऐकायचे आहे.

84 तोफांच्या जहाजाला 1861 मध्ये वाफेचे इंजिन बसवले होते, तरी मी ते 1828 च्या शिडाच्या रूपातच करणार आहे. त्या वर्षी तोफांच्या रांगांवरील पट्टा पांढरा असावा की पिवळसर, आणि ‘एचएमआयएस बॉम्बे’चा रंग 1942 मध्ये साधा राखाडी होता की कॅमोफ्लाजचा, याची स्पष्ट छायाचित्रे किंवा चित्रे कोणाकडे असल्यास फार मदत होईल. बांधणीच्या तपशिलासाठी मी ऑस्ट्रेलियात जपलेल्या ‘कॅसलमेन’ आणि ‘वायाला’ या त्याच वर्गातील जहाजांची छायाचित्रे गोळा करत आहे.

शेवटी हवेबद्दल. माझ्या आधीच्या एका शिडाच्या मॉडेलला सुती दोरा वापरला होता. पावसाळ्यात तो आखडला आणि वरच्या बारीक डोलकाठ्या वाकल्या. आता पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा, लवचीक लायक्रा घ्यावा की स्प्रू (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले असतात ती) तापवून ओढलेली तार वापरावी? मुंबईत राहून ज्यांची मॉडेल्स तीन-चार पावसाळे टिकली आहेत त्यांचा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटेल. सागवानाचे म्हणाल तर 1/350 मध्ये त्याचे रेषे फार मोठे दिसतात, म्हणून हलसाठी ते वापरणार नाही, पण आमच्या चाळीतील जुन्या दाराची एक सागवानी फळी जपून ठेवली आहे, तिच्यावर चारही जहाजे उभी राहतील. ती फळी 90 सेंटीमीटर लांब आहे.

कामाला सुरुवात दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की करणार आहे. तोवर प्रमाण आणि पाट्या या दोन गोष्टी ठरल्या तरी मला पुरे आहे.