आंबेनळी म्हणजेच जुना पारघाट का?

सावित्रीकाठ: माझे पणजोबा पोलादपूरच्या बाजूचे. भाताच्या गोण्या बैलांवर लादून ते 'पारघाटानं वर' जायचे, असं आजी सांगते. आम्ही महाबळेश्वरला एसटीने जातो तो आंबेनळी घाट. वाट एकच आहे का? आजी ८८ वर्षांची आहे, तिला नीट सांगायचं आहे.

घाटमाथा: एक नाही. पारघाट ही जुनी पायवाट, प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावाशी वर निघणारी. अफजलखानाची फौज १६५९ मध्ये वाईहून रडतोंडीच्या घाटाने याच पारला उतरली होती. आंबेनळीचा गाडीरस्ता इंग्रजांनी काढला. मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झगेराल्ड यांच्यावरून त्याला फिट्झगेराल्ड घाटही म्हणत. आज तो सुरूर–वाई–पाचगणी–महाबळेश्वर–पोलादपूर या राज्यमार्गाचा शेवटचा, साधारण ४० किमीचा तुकडा. सुरूरला पुणे–सातारा महामार्ग, पोलादपूरला मुंबई–गोवा.

आजीला घेऊन जाणार असाल तर वाडा कुंभरोशीच्या फाट्यावरून पारला नक्की वळा. रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकालीन दगडी पूल. मी गेल्या मार्गशीर्षात त्याच्या कमानीखाली उतरलो होतो. पाण्याची धार येते त्या बाजूला खांबांना टोक काढलंय, म्हणजे पुराचा लोंढा दुभंगून जातो. दगडावर हात ठेवला तर सांध्यात नखसुद्धा शिरत नाही. मला तरी प्रतापगडाइतकाच हा पूल मोलाचा वाटतो, आणि लोक गड बघून तसेच परत फिरतात याचं वाईट वाटतं.

सावित्रीकाठ: मनापासून आभार. आजीला वाचून दाखवलं. 'रामवरदायिनी' म्हटल्याबरोबर तिने हात जोडले. पणजोबा तिथे नारळ ठेवूनच पुढे जायचे म्हणे! श्रावणात नेऊ का?

घाटमाथा: श्रावणात नको. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पाऊस पडला, तेव्हा या घाटात रस्ताच वाहून गेला होता. २०१८ च्या जुलैत सहलीची बस दरीत कोसळून ३० जण गेले. त्या वळणावर मी अजून गाडी हळू करतो. दिवाळीनंतर जा. भात कापणीला आलेलं असतं आणि धुकंही कमी.

कापडेकर: सकाळची एसटी धरा आणि वर जाताना खिडकी दरीच्या बाजूची घ्या. खाली सावित्री दिसत राहते. आजींना चघळायला गोळी द्या, चढताना दडे बसतात.