शब्दचर्चा: धसका, हाय, कच (युद्धपटांच्या निमित्ताने)

टिपणवही: आमच्या फिल्म सोसायटीत अमेरिकी दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनचा 'लेट देअर बी लाइट' दाखवायचा आहे आणि मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. 1946 चा, जेमतेम तासाभराचा माहितीपट. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर मेसन जनरल हॉस्पिटल नावाचं लष्करी रुग्णालय होतं, तिथे चित्रित केलेला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले, मनाने मोडलेले सैनिक आणि त्यांच्यावरचे उपचार. अमेरिकी लष्करातल्या युद्धजखमींपैकी सुमारे 20 टक्के जण अशा दुखण्याचे होते, असं सुरुवातीलाच सांगितलंय. ट्रॉमाला 'मानसिक आघात' लिहून पाहिलं, तर मजकुराला परिपत्रकाचा वास यायला लागला. रेझिलियन्सला 'लवचिकता' म्हटलं की योगासनांचा वर्ग आठवतो. सुचवा काहीतरी.

काथ्याकूट: 'आघात' म्हणजे बसलेला घाव. घाव बसून गेल्यावर माणसात जे मुक्कामाला राहतं, त्याला आपल्याकडे रोजचा शब्द आहे: धसका. त्याचं क्रियापदही बघा. धसका 'बसतो', तसा माणूस तो 'घेतो'सुद्धा. 'त्याला धसका बसला' यात दोष घटनेचा. 'त्याने धसकाच घेतला' यात किंचित कुरकुर आहे, की इतकं मनावर घ्यायला नको होतं. पुढची पायरी 'हाय खाल्ली': माणूस आतून खंगत चाललाय. आणि 'कच खाल्ली' म्हटलं की संपलंच, तो थेट भित्रेपणाचा शिक्का.

युद्धपटांतला निम्मा झगडा या तीन क्रियापदांतला आहे. ऑगस्ट 1943 मध्ये सिसिलीत अमेरिकी जनरल पॅटनने लष्करी रुग्णालयांत दोन सैनिकांच्या थोबाडीत मारली. डॉक्टरांच्या लेखी त्यांना धसका बसला होता, पॅटनच्या लेखी त्यांनी कच खाल्ली होती. पुढे त्याच्या वरिष्ठाने, आयझेनहॉवरने, त्याला माफी मागायला लावली. 1970 च्या 'पॅटन' चित्रपटात तो प्रसंग आहे.

तुमच्या माहितीपटात तोतरा झालेला एक सैनिक आहे ना, त्याच्यासाठी तर 'धसका'च हवा. तो 'स'पाशी अडखळतो, कारण त्या अक्षरात त्याला जर्मन 88 मिलिमीटर तोफेचा गोळा येतानाचा सूं आवाज ऐकू येतो. औषध टोचल्यावर वाचा मोकळी होते आणि 'मला बोलता येतंय' म्हणून तो अक्षरशः ओरडत सुटतो. इथे 'मानसिक आघातग्रस्त' लिहाल तर वाचणारा पान उलटेल.

जुनी रीळं: 'शेल शॉक' (पहिल्या महायुद्धात अशा धसक्याला दिलेलं नाव) मात्र भाषांतर न करता तसाच ठेवा, त्याला इतिहास आहे. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 1915 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा शब्द छापला. गोळा जवळ फुटल्याच्या हादऱ्याने हे होतं अशी तेव्हाची समजूत. पण ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता त्यांनाही तीच लक्षणं दिसायला लागली आणि शब्दाचा पायाच डळमळला. शेवटी लष्करानेच तो वापरू नका म्हणून सांगितलं. 'तोफगोळ्याचा धक्का' असं शब्दशः केलंत तर ती चुकलेली समजूतही मराठीत येईल.

पत्रकात हेही घाला: लष्कराने हा माहितीपट लोकांना दाखवूच दिला नाही. रुग्णांचा खासगीपणा जपायचा, हे कारण. ह्यूस्टनला ते कधी पटलं नाही. 1948 मध्ये लष्कराने त्याच विषयावर नट घेऊन दुसरा चित्रपट काढला, पण हा 1980 च्या अखेरीपर्यंत डब्यात. पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनोविकार) हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं तेही 1980 सालीच. योगायोग असेल, पण मला गंमत वाटते.

प्रवासिनी: यात एक सापळा आहे. सुरुवातीच्या मुलाखतींत एक कृष्णवर्णीय सैनिक प्रेयसीच्या फोटोबद्दल सांगताना रडायला लागतो आणि डॉक्टरला म्हणतो, तुमच्या धंद्यात याला बहुतेक नॉस्टॅल्जिया म्हणतात. आपण डोळे मिटून 'स्मरणरंजन' लिहून मोकळे होऊ, आणि हसं होईल. रंजन कसलं आलंय तिथे! 1688 मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने तो शब्द घडवला तोच आजाराचं नाव म्हणून. परमुलखात घराच्या ओढीने झुरणारी माणसं त्याच्यासमोर होती. 'घरासाठी झुरणं' लिहा.

काथ्याकूट: झकास. 'झुरणी लागणे' आहेच की आपल्याकडे.

जुनी रीळं: रेझिलियन्सबद्दल. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला 'स्थितिस्थापकता' कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच विरोध नोंदवतो. ताण सुटला की वस्तू मूळ आकाराला येते, हा त्याचा अर्थ. माणसं मूळ आकाराला येत नाहीत. त्याच 1946 सालचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' बघा. त्यात युद्धावरून परतलेल्या होमरची भूमिका केलेल्या हॅरल्ड रसेलचे दोन्ही हात लष्करात असताना खरोखरच गेले होते. रात्री झोपायच्या वेळी तो मैत्रिणीला खोलीत बोलावतो आणि हाताच्या जागचे लोखंडी आकडे पट्ट्यांसकट काढून दाखवतो. यानंतर दार मिटलं तर मला ते उघडताही येणार नाही, असं सांगतो. ती त्याच्या पायजम्याच्या सदऱ्याची बटणं लावते. याला लवचिकता म्हणणार? 'सावरणं' म्हणा. 'सावरला' मध्ये तोल गेला होता हेही येतं. शिवाय 'सावरून घेणं' दुसऱ्याने करायचं असतं, तेही या प्रसंगात बसतं.

टिपणवही: 'सावरणं' घेतलं. 'उभारी' कसा वाटतो?

प्रवासिनी: शेवटाकडे रुग्ण बेसबॉल खेळतात, तिथे शोभेल. एरवी निवडणुकीच्या भाषणातला वाटतो. 'चिवटपणा' चांगला, पण त्यात माणूस मुळात मोडलाच नव्हता असा भास होतो.

सातारकर: उशिरा आलो. 'धसका' मला मान्य, पण सगळीकडे नको. परीक्षेचाही धसका असतो आणि सासूचाही. प्रेक्षकांत एखादा डॉक्टर निघाला तर विचारेल, निदान कुठलं? वर्णनात धसका आणि निदानात पीटीएसडी, अशी वाटणी करा.

टिपणवही: वाटणी मान्य. शीर्षकाखाली कंसात मराठी बायबलमधलं 'प्रकाश होवो' टाकतेय, मूळ नाव तिथूनच आलंय. कच्चा मजकूर रविवारी इथेच डकवते, शुद्धलेखनावर तुटून पडा.